बदली ड्रायव्हर आणि पाहुणी कॅचर

डेपोत त्याला सगळे 'बदली' म्हणत. नाव होतं त्याला, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. शहराच्या बससेवेत एकवीस वर्षं ड्रायव्हर, आणि ती सगळी वर्षं बदलीवर. म्हणजे कोणाला ताप आला, कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाची कंबर धरली, की त्या दिवशी त्याची बस हा चालवणार. पहाटे साडेचारला डेपोत हजर व्हायचं, टाइमकीपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायचं आणि हाक यायची वाट बघायची.

आता तुम्ही म्हणाल, अरेरे, बिचारा! कायम व्हायचं राहूनच गेलं वाटतं. अहो, कसलं बिचारा घेऊन बसलात! चांगलं सहाव्या वर्षी कायम केलं होतं त्याला. नऊ नंबरचा रूट लिहून दिला होता. या पठ्ठ्यानं तो तीन आठवडे चालवला आणि चौथ्या सोमवारी साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला परत बदलीवर टाका."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "का रे बाबा? त्रास काय आहे?"

"त्रास काही नाही. पण तोच सिग्नल, तोच चढ, आणि त्याच स्टॉपवर तोच म्हातारा रोज विचारतो, गाडी बाजारात जाते का. मला माझंच तोंड आरशात बघवेना झालंय."

वेड्याच्या नादी कोण लागणार? साहेबांनी सही केली. तेव्हापासून हा गडी खूश. शहरातले चौतीस रूट त्याला तोंडपाठ. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कुठल्या शाळेसमोर पोरं मागेपुढे न बघता धावत सुटतात, कुठल्या स्टॉपवर बस जरा पुढे घेऊन थांबवली तर म्हाताऱ्यांना चढायला बरं पडतं, सगळं त्याला ठाऊक. "ज्याचं एकच घर, तो त्या घराचा नोकर," तो कँटीनमध्ये सांगायचा. "ज्याला सगळीकडून बोलावणं, तो राजा." ऐकणारे हसायचे आणि आपापल्या टोळक्यात जाऊन बसायचे. हा चहाचा कप घेऊन ज्या टेबलावर जागा असेल तिथे टेकायचा. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. निदान तो तसं म्हणायचा.

बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. दिवसभर सुजलेल्या गालांच्या माणसांना "बसा, नंबर आला की बोलावते" असं सांगून सांगून तिच्या आवाजाला एक धार आली होती, आणि ती घरी येताना काही दवाखान्यात ठेवून येत नसे. नवऱ्याचं बदलीपुराण सुरू झालं की ती म्हणायची, "अहो राजे, जरा कणिक मळून ठेवाल का?"

या दोघांची एकुलती एक लेक चौदा वर्षांची, अंगानं बुटकी, गुडघे कायम खरचटलेले. ती सॉफ्टबॉल खेळायची, आणि त्यात कॅचर होती. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅट घेऊन उभ्या असलेल्या पोरीच्या मागे, तोंडावर जाळीचा मास्क, छातीवर पॅड आणि हातात गलेलठ्ठ ग्लोव्ह घालून जी उकिडवी बसलेली असते, ती कॅचर. पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू तिनं अडवायचा. तासन् तास उठाबशा, अंगावर धूळ, बोटांवर मार. मिरवायला पिचर, मार खायला कॅचर. त्यामुळे पिचर व्हायला दहा पोरी तयार असतात आणि कॅचरसाठी कोच लोकांना दारोदार हिंडावं लागतं.

असाच एक कोच एका शनिवारी संध्याकाळी यांच्या दारात आला. त्याच्या टीमच्या कॅचरचा अंगठा मुरगळला होता आणि दुसऱ्या दिवशी सामना होता. लेकीला शाळेच्या मैदानावर खेळताना त्यानं पाहिलं होतं. "एका दिवसासाठी द्याल का? पाहुणी खेळाडू म्हणून चालतं. नियमात बसतं."

लेक गेली, दुसऱ्या कोणाचा तरी ढगळ शर्ट घालून खेळली, आणि एकही चेंडू मागे जाऊ दिला नाही. तिथल्या पोरींनी तिचं नावच 'भिंत' ठेवून टाकलं. बापाची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तेवढं तुटायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टीमचा फोन. मग तिसऱ्या. कोणाची कॅचर आजारी, कोणाची परीक्षेला बसलेली, कोणाची रुसलेली. "ती भिंत मिळेल का हो रविवारी?" फोन वाजला की हा हातातलं काम टाकून धावायचा. "बघतो हं, मोकळी आहे का ते," असं उगाच भाव खात म्हणायचा आणि फोनवर हात ठेवून लेकीला डोळा मारायचा.

अडीच महिन्यांत अकरा रविवार झाले आणि पाच टीम झाल्या. डेपोत तर त्यानं उच्छाद मांडला होता. "रक्त बोलतं रे, रक्त! बाप बदली, लेक पाहुणी. कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही. जिथे गरज, तिथे आपण."

बायकोला हे पटत नव्हतं. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ऐकलंय का कधी?"

"अगं, ती राहते कुठे? खेळते आणि परत येते."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

खरं सांगायचं तर बापाचं सगळंच चुकत होतं असंही नाही. पाच टीमच्या पाच पिचरांचे चेंडू अडवून पोरीचा हात तयार झाला होता. कोणाचा चेंडू शेवटी खाली बसतो, कोणाचा बाहेर पळतो, हे तिला दोन चेंडूंत कळायचं. एका जागी बसून हे शिकायला दोन वर्षं लागली असती.

मग मैदानावर ताई आल्या. या ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर असत. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून त्यांची नजर अशी झाली होती की समोरच्या माणसाचं दुखणं तो तोंड उघडायच्या आत ओळखायच्या. संध्याकाळी दोन तास दुकान भावावर सोपवून त्या पोरींची एक टीम चालवायच्या. टीम म्हणजे काय, नुसती रडकथा. बारा पोरी, चार बॅट, आणि हरण्यात मात्र एकदम नियमित. मैदान यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

ताई बापाला म्हणाल्या, "तुमच्या मुलीला माझ्याकडे पाठवा. वर्षाच्या यादीत नाव घालते. आठवड्यातून चार दिवस सराव. माझ्याकडे एक कॅचर आहे, तेव्हा सुरुवातीला हिला बसावं लागेल. यादी बुधवारी जमा करायची आहे, दहा दिवस आहेत. विचार करून सांगा. त्यानंतर वर्षभर काही करता येत नाही."

बाप हसला. तोंडावर हसला नाही, तेवढी रीत त्याला होती. पण घरी येऊन पोट धरून हसला. "ऐकलंस का गं? शहरातल्या पाच टीम आपल्या पोरीच्या पाया पडतात, आणि ही बाई तिला बाकावर बसवणार! तेही हरणाऱ्या टीमच्या!"

लेक ताटातला भात चिवडत होती. "त्यांचा सराव मी बघितलाय," ती म्हणाली. "मैदानाच्या भिंतीजवळून. दोनदा."

"मग? कसा आहे?"

"बरा आहे."

बाप पुढे काहीतरी विचारणार, इतक्यात फोन वाजला. मोठ्या टीमचा कोच होता, शहरात पहिल्या नंबरावर असलेल्या टीमचा. रविवारी उपांत्य सामना होता आणि त्यांना कॅचर हवी होती. बाप फोनवर हात ठेवून लेकीकडे वळला, तेव्हा त्याचं तोंड आनंदानं उजळलेलं होतं. लेकीनं एकदा आईकडे बघितलं, मग बापाकडे. "जाते," ती म्हणाली.

रविवारी मैदान भरलं होतं. बाप सुट्टी टाकून पहिल्या पायरीवर. सामना अटीतटीचा झाला आणि शेवटच्या इनिंगला मोठी टीम एका रननं मागे होती. एक आउट झालेली. आणि तिसऱ्या बेसवर कोण उभी? आपली भिंत. ती धावत घरी, म्हणजे बॅटवालीच्या पायाजवळच्या बेसवर पोचली की एक रन, आणि बरोबरी.

आता या खेळात एक गंमत असते. बेसजवळ उभा असलेला कोच तोंडानं काही सांगत नाही, कारण समोरची टीमही ऐकत असते. तो खुणा करतो. टोपीला हात, कानाला हात, पट्ट्याला हात. कुठल्या खुणेचा काय अर्थ, हे प्रत्येक टीमचं आपापलं गुपित. या टीमनं सकाळी पाहुणीला दहा मिनिटांत सगळ्या खुणा सांगितल्या होत्या आणि तिनं मान डोलावली होती. पण त्याच्या आधीच्या रविवारी दुसऱ्या टीमनं सांगितल्या होत्या, त्याच्याही आधी तिसऱ्या टीमनं.

कोचनं टोपीला हात लावला. गेल्या रविवारच्या टीममध्ये टोपी म्हणजे, चेंडू पिचरच्या हातातून सुटला की पळ. या टीममध्ये टोपी म्हणजे, जागची हलू नकोस.

चेंडू सुटला आणि पोरगी पळाली. जीव खाऊन पळाली. बॅटवालीला काही कळेना, तिनं बॅट हलवलीच नाही. चेंडू सरळ समोरच्या कॅचरच्या हातात गेला, आणि ती शांतपणे वाट अडवून बसली. पोरगी तिच्या अंगावर जाऊन आदळली. आउट. मग ती बॅटवालीही आउट झाली, म्हणजे तिसरी, आणि सामना गेला.

आता या पोरीला फाडून खातील, असं वाटून बाप जाळीपाशी धावला. पण तिथे भलतंच चाललं होतं. कोच तिच्या पाठीवर थोपटत होता. "काही हरकत नाही बेटा. तू पाहुणी आहेस, तुला कसं माहीत असणार? आलीस हेच खूप." मग तो आपल्या पोरींकडे गेला. त्या सगळ्या गवतात गोल करून बसल्या होत्या. काही रडत होत्या. कोच त्यांच्यावर ओरडायला लागला, कोणाचा चेंडू सुटला, कोण झोपलं होतं, एकेकीचं माप काढलं त्यानं. मग एक पोरगी दुसरीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली आणि कोचचाही आवाज बसला. बराच वेळ त्या तशाच बसल्या होत्या.

आणि आपली पोरगी सामानाच्या पिशव्यांजवळ उभी होती. त्या गोलात जावं की जाऊ नये, तिला कळत नव्हतं. तिनं आपल्या टी-शर्टवर चढवलेला उसना शर्ट काढला, घडी केला, पिशवीवर ठेवला. परत उचलला, पुन्हा नीट घडी केला. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

घरी येताच तिनं ग्लोव्ह कपाटाच्या मागे टाकला आणि म्हणाली, "मी आता खेळणार नाही."

"अगं, एका चुकीनं काय होतंय?" बाप म्हणाला. "आणि ते किती चांगलं वागले तुझ्याशी! कोणी एक शब्द बोललं का?"

"नाही ना बोललं!" पोरगी अशी ओरडली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माझ्यामुळे हरले ते, बाबा. माझ्यामुळे! आणि मला शिवीसुद्धा दिली नाही कोणी. मी त्यांची कोणीच नव्हते म्हणून!" आणि मग जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. बाप तिच्या शेजारी बसून राहिला.

सोमवारी त्याला सतरा नंबर मिळाला. हजार वेळा चालवलेला रूट. पण डोकं ठिकाणावर कुठे होतं? पाण्याच्या टाकीशी सतरा नंबर डावीकडे वळतो. हा सरळ गेला, शनिवारी चालवलेल्या सव्वीस नंबरच्या वाटेनं. अर्धा फर्लांग गेल्यावर मागून ओरडा सुरू झाला. "अहो, कुठे निघालात? आम्हाला कोर्टात जायचंय!" "दारू पिऊन आलाय का काय?" त्यानं कशीबशी बस वळवली. कानापर्यंत लाल झाला होता. तेवढ्यात पहिल्या सीटवरच्या एका आजीबाईंनी सगळ्यांना दम भरला.

"ओरडू नका रे त्याला. नवीन दिसतोय, बदलीवरचा. त्याला काय बोलायचं? आपला रोजचा असता ना, तर मी स्वतः कान उपटले असते त्याचे."

गाडी गप्प झाली. कोणी एक अक्षर बोललं नाही. सगळे किती समजूतदार! आणि या माणसाला वाटलं, कोणीतरी उठावं आणि खरंच आपले कान उपटावेत. एकवीस वर्षं या रस्त्यांवर घासली, आणि म्हणे नवीन दिसतोय! स्टेअरिंगवरचे हात त्याला कोणा परक्याचे वाटले. असं आपण रोज किती जणांना परके वाटत असू, हे त्याच्या मनात आजवर आलंच नव्हतं.

मंगळवारी ड्यूटी संपल्यावर तो घरी न जाता औषधांच्या दुकानात गेला. ताई काउंटरवर होत्या.

"काय देऊ?"

"औषध नको. माझ्या पोरीबद्दल बोलायचंय. ती खेळणार नाही म्हणते."

"ऐकलं मी, रविवारचं." ताईंनी गोळ्यांचं पाकीट बांधता बांधता विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! मला वाटलं होतं, सगळीकडून बोलावणं म्हणजे मोठेपणा. पाहुणी म्हणून जाण्यात वाईट काय आहे, सांगा ना ताई. शिकली की ती."

"वाईट काहीच नाही. माझ्याही पोरी जातात. आपला सामना नसेल त्या रविवारी मीच पाठवते. नवी पिचर बघतात, नवं मैदान बघतात, येऊन आम्हाला सांगतात. पण कसं आहे, पाहुणं जायला आधी स्वतःचं घर लागतं. ज्याला घरच नाही, त्याला पाहुणा नाही म्हणत."

बापानं मान खाली घातली. काउंटरच्या काचेखाली खोकल्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, त्या तो बघत राहिला.

"यादी उद्या संध्याकाळी सहाला जाते," ताई म्हणाल्या. "पण एक सांगते, तुम्ही तिला घेऊन येऊ नका. यायचं असलं तर ती एकटी येईल. आणि आली तर बाकावर बसेल. तुमची भिंतबिंत मला ठाऊक नाही. माझी आधीची कॅचर दोन वर्षं घाम गाळतेय."

घरी आला तर लेक अभ्यासाचं पुस्तक उघडून भिंतीकडे बघत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. आडवळण घेणं त्याला जमलं नाही. "तुला ताईंकडे जायचं होतं ना? तेव्हाच?"

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "फोन आला की तुम्ही इतके खूश व्हायचात, बाबा. मला वाटायचं, अजून एक रविवार जाऊ. मग सांगू."

या वाक्यानं बापाच्या काळजाचं पाणी झालं. बारा रविवार ही पोर आपल्यासाठी दुसऱ्यांचे शर्ट घालून उकिडवी बसत होती, आणि आपण डेपोत रक्ताच्या गप्पा मारत होतो! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"आता तुला वाटेल ते कर," तो म्हणाला. "खेळायचं नसेल तर नको खेळूस. खरंच. मी काही बोलणार नाही."

"तिथे मला बसावं लागेल. कदाचित वर्षभर."

"लागेल."

"तुम्हाला चालेल? लोक विचारतील डेपोत."

"मला काय धाड भरलीय न चालायला? मी तर बसूनच नोकरी केली एकवीस वर्षं."

पोरगी हसली. रविवारनंतर पहिल्यांदा. दारात उभी राहून ऐकणारी आई म्हणाली, "आता तो ग्लोव्ह काढा कपाटामागून, उंदीर कुरतडतील," आणि आत निघून गेली, कारण तिचेही डोळे भरले होते आणि ते तिला कोणाला दाखवायचे नव्हते.

बुधवारी साडेपाचला लेक एकटी गेली. बाप खिडकीत उभा राहून तिला कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होता. साडेसातला ती धुळीनं माखून आली. "नाव घातलं," एवढंच म्हणाली आणि चार पोळ्या खाऊन झोपली.

मग सुरू झालं बाकावर बसणं. त्या टीमची कॅचर एक लांब हातापायांची, अबोल पोरगी होती. पहिले काही दिवस दोघी एकमेकींकडे मांजरांसारख्या बघायच्या. मग भिंतीनं तिला सांगितलं की खाली बसणारा चेंडू कसा ओळखायचा, आणि लांब पोरीनं हिला सांगितलं की उठताना कुठला पाय आधी टाकला तर गुडघा दुखत नाही. घरी रोज ताईंच्या तक्रारी. ताई किती ओरडतात, ताईंनी आज मैदानाला सहा फेऱ्या मारायला लावल्या, ताई म्हणतात तुझा थ्रो म्हणजे टपालानं पाठवलेलं पत्र. बाप ऐकून घ्यायचा. मोठ्या टीमच्या कोचचा मध्येच एकदा फोन आला, तेव्हा बाप म्हणाला, "मला नका विचारू. तिच्या ताईंना विचारा. त्यांनी सोडली तर येईल." फोन ठेवल्यावर आपण असं काही बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

हंगामाचा पहिला सामना ताईंची टीम हरणारच होती, आणि ती रीतसर हरत होती. नऊ विरुद्ध तीन. नवरा-बायको पायरीवर बसले होते. शेवटच्या दोन इनिंग राहिल्या तेव्हा लांब पोरीला दम लागला, आणि ताईंनी बाकाकडे बोट केलं. भिंत उठली, मास्क घातला, जाऊन बसली. बापानं बायकोचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "अहो, बांगडी फुटेल."

चार चेंडू तिनं छान अडवले. पाचव्याला समोरच्या टीमची एक पोरगी पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसकडे पळत सुटली. भिंत उभी राहिली आणि तिनं आव बघितला ना ताव, सगळ्या ताकदीनं चेंडू दुसऱ्या बेसवर भिरकावला. तिथे कोणी पोचलेलंच नव्हतं. चेंडू थेट मागच्या कुंपणापर्यंत गेला. फुकटचा एक रन झाला.

"कॅचर!" ताईंचा आवाज अख्ख्या मैदानावर घुमला. "डोळे कुठे गहाण ठेवून आलीस? कोणाला टाकलास तो चेंडू? वाऱ्याला? आधी बघायचं की आधी फेकायचं? किती वेळा सांगितलं? किती वेळा?"

पिचरनंही कमरेवर हात ठेवले. "काय गं तू पण! जरा थांब ना, तिला बेसवर पोचू तरी दे!"

बापाचं डोकंच फिरलं. त्यानं बाह्या सरसावल्या आणि उठून उभा राहिला. एवढ्या लोकांदेखत? आपल्या पोरीला? समजते कोण ही बाई स्वतःला? तो पायरी उतरणार, इतक्यात ताईंचं पुढचं वाक्य आलं.

"उद्या अर्धा तास आधी यायचं! पन्नास थ्रो टाकल्याशिवाय हलू देणार नाही. आणि परवाही यायचं!"

बाप जागच्या जागी थबकला. बारा रविवारांत, सहा टीममध्ये, इतक्या गोडगोड बोलणाऱ्या माणसांत, त्याच्या पोरीला उद्याचं कोणी काही सांगितलं नव्हतं.

"येते ताई!" पोरगी मास्कच्या आतून ओरडली. एवढ्या मोठ्यानं, एवढ्या आनंदानं, की जसं काही तिला बक्षीसच जाहीर झालंय. मग पिचरला हातानं खूण केली, चुकलं म्हणून, आणि परत उकिडवी बसली.

बाप हळूच खाली टेकला. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला भान राहिलं नाही.

"अहो, झालं काय?" बायको घाबरून म्हणाली. "भांडायला उठला होतात ना?"

"काही नाही," तो म्हणाला. "उद्या तिला अर्धा तास लवकर जायचंय."